कच्च्या रस्त्याने नदीच्या मागे



बंगळूरला राहणारा मराठी माणूस गावाकडे गेला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, 'तिथल्या ट्रॅफिकमध्ये कसे राहता?' आणि दुसरा, 'कन्नड यायला लागलं का?' माझ्याकडे दोन्हींचं उत्तर एकच आहे, सायकल. रविवारी पहाटे साडेचारला घर सोडलं की सहाच्या आत ट्रॅफिक मागे पडतो, सातच्या आत डांबर संपतं आणि तिथे माझं कन्नड सुरू होतं. कारण त्या रस्त्यांवर पाट्या नसतात, फोनमधला नकाशा अर्धवट असतो आणि विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. 'ई दारी एल्लिगे होगुत्ते?' म्हणजे 'ही वाट कुठे जाते?' एवढं एक वाक्य नीट बोलता आलं की निम्मं कर्नाटक फिरता येतं.

आज मी तुमच्याशी या कच्च्या रस्त्यांबद्दल बोलणार आहे. हल्ली या प्रकाराला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. ग्रॅव्हल बाइक दिसायला रेसच्या सायकलसारखी असते. हँडल तसंच खाली वळलेलं, मेंढ्याच्या शिंगासारखं. फरक टायरमध्ये असतो. रेसच्या सायकलचा टायर 25 ते 28 मिलिमीटर रुंद, हिचा 38 ते 50. हवा कमी भरायची, म्हणजे टायर दगडावर उडी मारत नाही, दगडाला दाबून घेतो. गिअर हलके असतात, कारण मुरमाच्या चढावर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच चढावं लागतं, हळूहळू. डांबरावर मी तासाला 22-23 किलोमीटर जाते. कच्च्यावर 13-14. वेगाची हौस असेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया नावाच्या छोट्या गावाजवळ 2006 साली काही जणांनी 200 मैलांची, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरची खडीवरची शर्यत सुरू केली. आज ती या प्रकारातली जगातली सर्वांत नावाजलेली शर्यत आहे. 2022 मध्ये इटलीत ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या डोंगरांमधले, दऱ्याखोऱ्यांतले व्हिडिओ पाहिले की आपल्याला वाटतं, हे तिकडचं फॅड आहे, आपल्याकडे कुठे असे रस्ते!

मला हसू येतं. आपल्याकडे या रस्त्यांना किती नावं आहेत बघा. पाणंद. गाडीवाट. शिवरस्ता. वहिवाट. कोकणात पाखाडी. जी गोष्ट रोजच्या वापरातली असते तिलाच एवढी नावं पडतात. बैलगाडी जिथून जाते तिथे चढ बेताचाच ठेवावा लागतो, नाहीतर बैल थांबतो. बैलाला झेपणारा चढ माझ्या गुडघ्यांनाही झेपतो. म्हणजे ग्रॅव्हल सायकलसाठी लागणारे रस्ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या बैलांनी आधीच आखून ठेवलेत. फक्त ते शोधायचे कसे, हा प्रश्न आहे.

माझी पद्धत सांगते. मी नदी धरते. एक नदी निवडायची आणि ती जिकडे जाईल तिकडे, तिच्या आजूबाजूच्या गावांमधून, तलावांच्या बांधांवरून जायचं. जुनी गावं पाण्याकाठी असतात, जुन्या वाटा गावांना जोडतात, त्यामुळे दर काही किलोमीटरवर माणूस भेटतो, सावली मिळते आणि बाटली भरून मिळते. नकाशात सरळ रेघ ओढून केलेल्या मार्गावर यातलं काहीच मिळेल याची खात्री नसते.

बंगळूरकरांचं नशीब असं की सुरुवात करायला एक फार उत्तम जागा आहे. नंदी टेकडी. शहराच्या उत्तरेला साठेक किलोमीटर, उंची 1478 मीटर. दर शनिवार-रविवारी पहाटे सायकलस्वारांची रांग हा घाट चढते, वर फोटो काढते आणि इडली खायला खाली उतरते. यातल्या फार थोड्या जणांच्या लक्षात येतं की या टेकड्यांच्या परिसरातून अर्कावती, उत्तर पिनाकिनी आणि दक्षिण पिनाकिनी अशा नद्या निघतात. आणि त्यातल्या दोन तुम्हाला दोन वेगवेगळ्या घळींपाशी घेऊन जातात. अर्कावती दक्षिणेला कावेरीच्या घळीकडे. उत्तर पिनाकिनी, म्हणजेच पेन्ना, आंध्रात गंडीकोट्याकडे.

आधी अर्कावती.

नंदीखालून दोड्डबळ्ळापूर, मग हेसरघट्टा, तिप्पगोंडनहळ्ळी, मंचनबेले, रामनगर, कनकपुरा आणि शेवटी संगम. एका दमात करायची गोष्ट नाही ही. मी तुकड्या-तुकड्यांत केली आणि तुम्हीही तशीच करा. पहिल्या टप्प्यात नदी दिसतच नाही. कोरडं पात्र, त्यात झुडपं, मध्ये कुठेतरी क्रिकेटची खेळपट्टी. हेसरघट्ट्याच्या तलावातून 1894 च्या सुमारास बंगळूरला पहिल्यांदा नळाने पाणी आलं. पुढे शहर वाढलं म्हणून तिप्पगोंडनहळ्ळीला 1933 मध्ये धरण झालं. एकेकाळी अख्ख्या शहराची तहान भागवणारी ही नदी. बोअरवेल खोल खोल गेल्या, निलगिरीची लागवड झाली, आणि वरच्या भागात नदी आटली. सायकलवर बसून हे बघताना गाडीतून बघण्यापेक्षा वेगळं वाटतं, कारण तुम्ही दोन तास त्या पात्राच्या कडेने चालवत असता आणि तुमच्या बाटलीतलंही पाणी संपत आलेलं असतं.

या भागातले तलावांचे बांध म्हणजे चालवायला पर्वणी. इकडे तलावाला 'केरे' म्हणतात. एका केरेचं जास्तीचं पाणी ओढ्याने पुढच्या केरेत, तिथून पुढच्या, अशी साखळी. बांधावर मुरमाची सपाट वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली भात नाहीतर नारळ. बांधाच्या टोकाला बहुतेक वेळा एखादं देऊळ आणि कधीकधी वीरगळ. वीरगळ हा शब्द आपला आणि त्यांचा एकच, 'वीरगल्लु'. बंगळूर या नावाचा सर्वांत जुना उल्लेख बेगूरच्या ज्या शिलालेखात आहे, साधारण इ.स. 890 चा, तोही लढाईत पडलेल्या वीराचाच दगड आहे.

मंचनबेलेपासून रामनगरपर्यंत दगडांचं राज्य. आपल्याकडच्या सह्याद्रीत पायऱ्या-पायऱ्यांचा काळा बेसाल्ट असतो, साडेसहा कोटी वर्षांचा. इकडचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. डोंगर नव्हे, एकेक अखंड शिळा. सावनदुर्ग तशीच एक प्रचंड शिळा आहे. रामनगरच्या शिळा तुम्ही सगळ्यांनी पाहिल्यात, 'शोले'मध्ये. तिथल्या रामदेवरबेट्टाच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात म्हणून 2012 मध्ये ते गिधाडांचं अभयारण्य जाहीर झालं. आणि मधल्या सपाटीवर तुतीची शेतं, कारण रामनगरचा रेशीमकोषांचा बाजार मोठा नावाजलेला आहे. सकाळी सातला त्या तुतीच्या शेतांमधून जाताना दुचाक्यांवर पाल्याचे भारे चाललेले दिसतात. त्यांना आधी जाऊ द्यायचं, आपण कडेला. त्यांच्या अळ्या भुकेल्या असतात, आपल्याला घाई नसते.

रामनगरच्या खाली एक विचित्र गोष्ट होते. कोरडी नदी अचानक भरून वाहायला लागते. तुम्ही खूश होऊन जवळ जाता आणि वास येतो. पाणी काळं, काही ठिकाणी वर पांढरा फेस. ही वृषभावतीची करामत. वृषभावती ही बंगळूर शहरातून येणारी नदी, आता शहराचं सांडपाणी वाहून नेते आणि कनकपुऱ्याजवळ अर्कावतीला मिळते.

इथे एक हिशोब मांडते. बंगळूरला पिण्याचं पाणी कावेरीतून येतं, सुमारे 100 किलोमीटरवरून आणि जवळजवळ 500 मीटर वर पंपाने चढवून. ते आपण वापरतो, सांडतो, आणि ते वृषभावतीतून अर्कावतीत, अर्कावतीतून संगमापाशी परत कावेरीत जातं. संगमाहून शहराकडे परत सायकल चालवताना जी लांबलचक चढण लागते, ती तीच उंची. शहराच्या पाण्याला वीज जाळून जे चढावं लागतं ते आपण पायांनी चढतो. माझ्या इमारतीत पाणी वाया घालवू नका असे फलक दोन वर्षं लागलेले होते. त्यांचा माझ्यावर झाला नाही एवढा परिणाम त्या एका चढणीने केला.

संगमाच्या पुढे तीन-चार किलोमीटरवर मेकेदाटू. मेके म्हणजे शेळी, दाटू म्हणजे ओलांडणं. वाघ मागे लागला म्हणून शेळीने इथून नदीवरून उडी मारली अशी कथा आहे. कावेरीसारखी मोठी नदी इथे दगडाच्या चिंचोळ्या घळीत शिरते. निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे ज्यांनी पाहिलेत त्यांना इथे ओळखीचं वाटेल. पाण्याबरोबर गोल फिरणाऱ्या गोट्यांनी कातळ कोरून काढलाय. पण निघोजच्याच भाषेत सांगते, काठावर जायचं नाही. कातळ गुळगुळीत आहे आणि खाली पाण्याला ओढ भयंकर आहे. दरवर्षी माणसं जातात इथे. पावसाळ्यात तर अर्कावती ओलांडून पलीकडे जाणंच बंद असतं.

हा सगळा पट्टा कावेरी वन्यजीव अभयारण्याचा. 1987 पासून. आणि आता मी हत्तींबद्दल बोलणार आहे, कारण त्यांच्याबद्दल न बोलता या भागाची वाट सांगणं म्हणजे बेजबाबदारपणा होईल.

देशात सर्वांत जास्त हत्ती कर्नाटकात आहेत. शहराला चिकटून बन्नेरघट्टाचं राष्ट्रीय उद्यान, त्याच्या दक्षिणेला हे अभयारण्य. नोव्हेंबर ते जानेवारी नाचणी तयार होते आणि हत्ती रात्री शेतात उतरतात. शेतकरी माचाणावर जागे असतात. म्हणजे ज्या थंडीच्या दिवसांत आपल्याला सायकल चालवायला सर्वांत छान वाटतं, तेच दिवस हत्ती आणि माणूस यांच्या सर्वांत जास्त गाठभेटीचे. पहाटेच्या अंधारात किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर जंगलाच्या कडेला सायकलवर असू नये. सायकलला आवाज नसतो. मोटारसायकल येतेय हे हत्तीला लांबून कळतं. आपण थेट वळणावर त्याच्यासमोर उभे ठाकतो. म्हणून माझं दुसरं कन्नड वाक्य, 'आने इदेया?' हत्ती आहेत का? हे चहाच्या टपरीवर विचारायचं. कुणी 'इदे', म्हणजे आहे, म्हणालं की त्या दिवशीची वाट तिथेच संपली. वाद घालायचा नाही. 'काल होता, आज नसेल' हा हिशोब आपला, हत्तीचा नव्हे.

अभयारण्यात आत जायला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे वनखात्याची परवानगी लागते. सायकलला पेट्रोल लागत नाही म्हणून कायदाही लागत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. आपल्या आधी कुणीतरी चालवून तिथला मार्ग ॲपवर टाकलाय म्हणजे तो खुला आहे, असंही वाटतं. दोन्ही खरं नाही. डांबरी सार्वजनिक रस्ता सोडून आत वळणारी प्रत्येक वाट आधी विचारायची.

आता दुसरी नदी. पेन्ना.

ही दोन-तीन दिवसांची सहल. नंदीहून गौरीबिदनूर, हिंदूपूर, मग जवळच लेपाक्षी, पेनुकोंडा. 1565 च्या लढाईनंतर विजयनगरची राजधानी पेनुकोंड्याला हलली होती. रस्ता मोकळा, झाडं कमी, भुईमुगाची शेतं. लाल माती इतकी की परतल्यावर मोजे टाकूनच द्यावेत. जरा आडवाट केली तर गुत्ती. हा किल्ला मराठी माणसाने बघावाच. मुरारराव घोरपड्यांचं ठाणं, 1776 मध्ये हैदरअलीने घेईपर्यंत. महाराष्ट्राच्या इतिहासाची पुस्तकं आपण वाचतो तेव्हा घोडदळ 'कर्नाटकात उतरलं' असं एका वाक्यात संपतं. त्या एका वाक्यात किती ऊन होतं, हे अनंतपूर जिल्ह्यात तीन दिवस चालवल्यावर कळतं.

पुढे ताडिपत्री, तिथे नदीकाठी बुग्गा रामलिंगेश्वराचं देऊळ, आणि मग गंडीकोटा. तेलुगूत गंडी म्हणजे घळ, कोटा म्हणजे किल्ला. नंदीखाली जिला आपण उडी मारून ओलांडली असती त्याच नदीने इथे लाल क्वार्टझाइटचे थर कापून उभी घळ केलीय. दगड जणू वीटकामासारखे एकावर एक रचलेले दिसतात. हिरेव्यापारी ताव्हेर्निए 1652 मध्ये इथे येऊन गेला. आज लोक मोटारीने येतात, कड्यावर बसून फोटो काढतात आणि जातात. पण जो नंदीपासून नदीच्या मागे आलाय त्याला ही घळ वेगळी दिसते. एवढंसं पाणी, पण थांबलं नाही, म्हणून हे झालं, असं वाटतं. नोव्हेंबर ते जानेवारी सोडून इथे सायकल घेऊन जाऊ नका. उन्हाळ्यात कडप्पा जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि सावलीला झाड मिळेलच असं नाही. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखर आणि दुपारी बारा ते तीन गावातल्या देवळाच्या ओसरीवर आडवं पडणं, हे नियम मी कधी मोडत नाही.

तिसरी नदी पश्चिमेची, अघनाशिनी. ही माझी सर्वांत लाडकी.

उत्तर कन्नड जिल्ह्यात शिरसीजवळ उगम पावते आणि सुमारे सव्वाशे किलोमीटर वाहून तदडीपाशी समुद्राला मिळते. या संपूर्ण प्रवासात तिच्यावर एकही मोठं धरण नाही. पश्चिम घाटातल्या नदीच्या बाबतीत हे किती दुर्मीळ आहे, हे कोयनाकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. उंचळ्ळीला ती 116 मीटर खाली उडी घेते. खाली खाडीत शिंपल्या काढणाऱ्या बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या असतात, आणि खाजणात खारं पाणी सोसणारा 'कग्गा' नावाचा भात पिकतो. जानेवारी 2024 मध्ये ही खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली.

बंगळूरहून रात्रीच्या बसने शिरसी गाठायची, सायकल पुढचं चाक काढून पिशवीत. सकाळी सुपारीच्या बागांमधून निघायचं. इथले रस्ते जांभ्याचे. जांभा म्हणजे लॅटराइट, आणि ते शास्त्रीय नाव दिलं फ्रान्सिस बुकनन याने, जो 1800 मध्ये म्हैसूर, कॅनरा, मलबार असा फिरला आणि 1807 मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. ओला असताना हा दगड कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो. विटेचा दगड म्हणून 'लॅटर', म्हणजे लॅटिनमध्ये वीट. सुकलेल्या जांभ्याच्या रस्त्यावर टायरला अशी पकड मिळते की डांबर विसराल. पण जून ते सप्टेंबर त्याच रस्त्यावर हिरवं शेवाळ धरतं आणि तो साबण होतो. शिवाय जळवा. तेव्हा इथला हंगाम ऑक्टोबरअखेर ते जानेवारी.

शिरसी ते कुमटा ही वाट घोड्या-बैलांची नव्हे, गाड्यांची वाट म्हणून मोठी झाली, आणि त्यामागे कापूस आहे. धारवाडकडचा कापूस घाट उतरून कुमट्याच्या बंदरात यायचा. मँचेस्टरच्या बाजारात त्या कापसाला कुमट्याचंच नाव पडलं होतं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्याला भाव आला. 1862 मध्ये हा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला, तो 1956 पर्यंत तसाच होता. कारवारकडे आजही तुम्ही मराठीत वाट विचारलीत तर मराठीत उत्तर मिळतं, त्याला हाही इतिहास कारण आहे. देवीमने घाटातला मुख्य रस्ता आज ट्रकांचा आहे, त्याच्या नादी लागू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना गावागावांमधून जाणाऱ्या मातीच्या वाटा आहेत. याणाचे दोन काळे सुळके, त्यातला मोठा 120 मीटर, जंगलातून वर आलेले दिसतात. मग खाली मिर्जानचा जांभ्याचा किल्ला. आणि शेवटी अघनाशिनी गावातून होडीत सायकल टाकून पलीकडे तदडी, तिथून गोकर्ण. होडीवाला सायकलकडे बघून विचारतो, 'मोटर नाही?' नाही म्हटलं की तो असा बघतो की आपण कुठल्या तरी नवसाला निघालोय.

इथून उत्तरेला याच जांभ्याची पट्टी गोव्यातून सिंधुदुर्ग, रत्नागिरीपर्यंत जाते. तिथले सडे बघितले की कुठल्याही ग्रॅव्हलवाल्याच्या तोंडाला पाणी सुटेल. मैलोगणती सपाट, मोकळे, वर वारा, समोर समुद्र. पण इथे मी हात जोडून एक विनंती करणार आहे. सड्यावर वाट सोडून सायकल घालू नका. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, जांभरुण, तिथल्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. 2022 मध्ये कोकण आणि गोव्यातली अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण सगळी कातळशिल्पं सापडलेली नाहीत. काही गवताखाली, मातीखाली आहेत. आपल्या चाकाखाली काय आहे ते आपल्याला दिसणार नाही. शिवाय पावसाळ्यानंतर त्या इंचभर मातीत जी फुलं येतात ती दुसरीकडे येत नाहीत. तिथे पायवाटेवरून जा. सायकल हातात धरून गेलात तर आणखी उत्तम.

सायकल कोणती घ्यावी, हे सगळे विचारतात. माझं म्हणणं, आधी घेऊच नका. घरात जुनी एमटीबी असेल, पुढे सस्पेन्शन नसलेली असेल तर फारच छान, तिला 40-45 मिलिमीटरचे टायर घाला. माझं वजन साठच्या आसपास आहे, मी 32 ते 35 पीएसआय हवा ठेवते. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, एवढा खर्च मात्र करा, कारण बाभळीचा काटा आणि गोखरू यांना तुमच्या सायकलची किंमत कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत आणखी एक अडचण. इकडे शेतकरी नाचणी आणि हुलगे मळायला डांबरी रस्त्यावर पसरतात, गाड्यांची चाकं मळणी करतात. सायकलच्या गिअरमध्ये ते काड अडकलं की मागचा डिरेलर मोडू शकतो. उतरा आणि कडेने चालत जा. ते त्यांचं वर्षाचं अन्न आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड.

हे कच्चे रस्ते संपत चाललेत. गेल्या पाच वर्षांत माझ्या नकाशातल्या कितीतरी वाटांवर डांबर नाहीतर काँक्रीट पडलं. आमच्या ग्रुपवर असा फोटो आला की लोक रडकी तोंडं टाकतात. 'आणखी एक गेला.' एकदा कनकपुऱ्याच्या पलीकडे एका गावात मी एका आजींना सहज म्हणाले, 'मातीचा होता तेव्हा छान होता रस्ता.' त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, 'तुझ्यासाठी.' मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या सुनेला पावसात दवाखान्यात नेताना बैलगाडी चिखलात रुतली होती ते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली, ती अशा सुनांसाठी. रविवारच्या चार तासांच्या मजेसाठी कुणाचा रस्ता कच्चा राहावा असं म्हणायचा अधिकार मला नाही. तुम्हालाही नाही.

मग वाचवायचं काय? इटलीत टस्कनीमध्ये 1997 साली काही सायकलवेड्यांनी जुन्या सायकली घेऊन पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून एक फेरी सुरू केली, एल'एरोइका नावाची. हेतू हा की ते जुने रस्ते टिकावेत. पुढे त्याच रस्त्यांवर मोठी व्यावसायिक शर्यत भरू लागली, आणि आज ते रस्ते त्या प्रदेशाची ओळख आहेत. तिथे हे जमलं कारण गावाला त्यातून काहीतरी मिळालं. खानावळ चालली, द्राक्षाची दारू विकली गेली.

आपल्याकडे गावाला जोडणारा रस्ता पक्का होऊ दे. पण तलावाचा बांध, नदीकाठची गाडीवाट, दोन शिवांमधली पाणंद, ही गावाच्या दळणवळणाची मुख्य वाट नसते. ती बुजते, कुणीतरी नांगर घालून शेतात घेतो, तिथे खाण सुरू होते, किंवा तिथे राडारोडा येऊन पडतो. ती टिकायला हवी, आणि ती टिकवायची तर ती वापरात असल्याचं कुणालातरी दिसलं पाहिजे. बंगळूरच्या दक्षिणेला तुरहळ्ळीचं छोटं जंगल आहे. 2021 मध्ये तिथे बगीचा करायचा घाट घातला गेला तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला, कारण ते रोज त्या जंगलात जात होते. ज्या जागेवर रोज कुणी जात नाही तिच्यासाठी कोण भांडणार?

म्हणून माझे नियम साधे आहेत. गावातच खायचं, गावातच चहा घ्यायचा, शहरातून पॅकेट आणायची नाहीत. शेतातून जाणारी वाट असेल तर थांबून विचारायचं. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर बंद करायचं. फोटो काढायच्या आधी माणसाला विचारायचं. आणि जंगलाच्या, घरट्यांच्या, कातळशिल्पांच्या जागांचे मार्ग ॲपवर सगळ्यांना दिसतील असे टाकायचे नाहीत. पन्नास सायकली एका रविवारी आल्या की कुठलीही वाट शांत राहत नाही.

तुम्ही कुठेही असा, पुण्यात, बेळगावात, इंदूरला, बडोद्याला, तुमच्या शहरातून एक नदी जाते. नाला झाली असेल, गटार झाली असेल. येत्या रविवारी पहाटे तिच्या काठाने खालच्या दिशेला निघा. पहिले दहा किलोमीटर नाक मुठीत धरावं लागेल. कुठेतरी डांबर संपेल. तिथे एक माणूस भेटेल, त्याला त्याच्या भाषेत विचारा, ही वाट कुठे जाते. तो सांगेल. बहुतेक वेळा तुम्ही कुठून आलात हेही विचारेल. शहराचं नाव सांगा. आणि तुमच्या शहराच्या पाण्याबद्दल त्याला काय म्हणायचंय ते ऐकून घ्या.